दुरुस्तीच्या हक्कात आमच्या कलाकारांची वाद्यं कुठायत?

केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. चार क्षेत्रं ठरली : शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब्लेट, घरातली उपकरणं आणि गाड्या. त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. चांगलंच झालं. पण आपल्याकडं ज्या वाद्यांवर कितीतरी घरच्या चुली पेटतात, ती त्या चारात कुठंच बसत नाहीत. आजची पोस्ट त्यावर आहे. थोडी लांब आहे, पण वाचा.

नांदेड-लातूरकडं भीमजयंती असो, गणपती असो, हळदीचा कार्यक्रम असो की माळेगावची यात्रा, स्टेजवर ऑक्टोपॅड आणि रिदम मशीन लागतंच. माझ्या ओळखीतले ऑर्केस्ट्रावाले हे सामान सेकंडहँडच घेतात. नवं परवडत नाही, हा साधा हिशोब.

अशाच एका मित्राचं रिदम मशीन गेल्या महिन्यात माझ्या घरी आलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं, जपानी. चालू केलं की पडद्यावर भलतीच अक्षरं, साठवलेले ठेके गायब, आणि ढोलाचं बटण चारदा दाबलं तर एकदा वाजणार. त्याला दुकानात सांगितलं होतं, "भाऊ, ह्याच्यात आता काही राहिलं नाही. नवं घ्या." नवं म्हणजे त्याची अख्ख्या लग्नसराईची कमाई.

माझा भाचा आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक. आम्ही दोघांनी दोन संध्याकाळी टेबलावर पेपर अंथरून ते उघडलं. निघालं काय? आत नाण्याएवढा लिथियम सेल, बोर्डाला डाग मारून पक्का बसवलेला. मशीन बंद असताना ठेके लक्षात ठेवायचं काम तो एकटा करतो. तीन व्होल्टच्या सेलमध्ये एक व्होल्टही उरला नव्हता. भाच्यानं तो काढून तिथं सेलचा होल्डर बसवला. पुढच्या वेळी सोल्डरिंगची गरजच नाही, घड्याळासारखा सेल बदलायचा. बटणांखालच्या रबरावर काळे ठिपके असतात, त्यांच्यावर घाम आणि धुळीचा थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं पुसलं. मग रिसेट केलं. मशीन वाजलं. सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत!

एक गोष्ट मात्र परत आली नाही. कंपनीचे ठेके आले, पण मित्रानं कित्येक वर्षांत स्वतः बसवलेले ठेके गेले ते गेलेच. हलगीचा, लावणीचा, भीमगीतांचा. त्याच्या हातचा ऐवज होता तो.

म्हणून ज्यांच्याकडं असं मशीन आहे त्यांना हात जोडून सांगतो, सेल मरायच्या आत आपले ठेके कागदावर उतरवून ठेवा. त्या काळातल्या काही मशीनना कॅसेटवर साठवायची सोय असते, ती असेल तर वापरा. अॅडॉप्टर लावताना व्होल्ट आणि पिनचं प्लस-मायनस दोन्ही बघा. यातली बरीच मशीन मधल्या पिनला मायनस मागतात. बाजारातला कुठलाही लावला तर बोर्ड जळू शकतो. आणि अॅम्प्लिफायर घरी उघडू नका. त्यात घरच्या लाईनचा करंट असतो, ते जाणकाराचंच काम.

कंपन्या म्हणतात, दुरुस्ती कुणाच्याही हातात देणं धोक्याचं. म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मग उपाय काय? माणसं शिकवा, सर्किटचा नकाशा द्या, सुटे भाग द्या. कुलूप लावून बसणं हा उपाय नव्हे.

ज्या रोलँड कंपनीचे ऑक्टोपॅड आपल्या स्टेजवर वाजतात, तिचे संस्थापक इकुतारो काकेहाशी स्वतः दुरुस्तीवाले होते. महायुद्धानंतरच्या जपानात सोळाव्या वर्षी त्यांनी घड्याळदुरुस्ती सुरू केली, मग रेडिओ दुरुस्त केले. १९७२ मध्ये रोलँड काढली. तिचं १९८० चं टीआर-८०८ हे मशीन जगभर गाजलं. आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये त्याच मशीनच्या डिस्को ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगानं कान टवकारले. जुनं म्हणून फेकायची घाई करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

माझं म्हणणं तीन ओळींत :

१. दुरुस्तीच्या हक्कात वाद्यं आणि साऊंडचं सामान घ्या.
२. माल विकणं थांबवल्यावरही काही वर्षं सुटे भाग आणि सर्किटचा नकाशा देणं कंपन्यांना बंधनकारक करा.
३. नांदेड-लातूरच्या आयटीआयत वाद्यदुरुस्तीचा छोटा कोर्स काढा. पोरांना काम मिळेल, कलाकारांना आधार.

म्हाताऱ्या कलावंतांना सरकार मानधन देतं, द्यायलाच पाहिजे. पण ज्याचे हात अजून चालतायत, त्याचं वाद्यही चालू राहिलं पाहिजे ना? आमदार-खासदार साहेबांनो, जयंतीच्या स्टेजवर तुमचं भाषण संपलं की पुढं हीच पोरं वाजवतात.

आता तुमचं काम. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीत जुने बोर्ड दुरुस्त करणारा कुणी ओळखीचा असेल, तर त्याला विचारून त्याचं नाव-गाव कॉमेंटमध्ये टाका. सरकार जागं होईल तेव्हा होईल, तोवर आपण यादी तरी करू.