इंग्रजी शाळा : मालक म्हणून कशी?

जून महिना जवळ येऊ लागला की छत्रपती संभाजीनगरात सिडको-हडकोपासून बीड बायपासपर्यंत चौकाचौकांत इंग्रजी शाळांचे फलक झळकू लागतात. फलकावर इमारतीचे चित्र असते, संगणककक्ष असतो, दहावीच्या निकालाची टक्केवारी असते. त्या इमारतीत शिकवणाऱ्या शिक्षिकेला किती पगार मिळतो, तो बाराही महिने मिळतो की दहाच, तिच्या हाती नेमणूकपत्र आहे की नाही, हे मात्र कोणत्याही फलकावर नसते. पालक ते विचारीत नाहीत. मुलाखतीस आलेली तरुण बी.एड. उमेदवारही ते विचारण्यास कचरते. शाळा हे ज्ञानमंदिर आहे आणि मंदिरात मजुरीची भाषा करू नये, असा एक संकेत समाजात रूढ झाला आहे. हा संकेत नेमका कोणाच्या सोयीचा आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

याच शहरातील एखादी शिक्षिका दुबई किंवा शारजा येथील शाळेत जाण्याचे ठरवते, तेव्हा तिला असा संकोच वाटत नाही. करार किती वर्षांचा, राहण्याची सोय कोणाची, विमानाचे भाडे कोण देणार, नोकरी सोडताना हाती काय पडणार, हे सारे ती आधी विचारते. तेथे काम करून आलेल्या ओळखीच्या माणसांकडून शाळेची चौकशी करते. संयुक्त अरब अमिरातींच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे मूळ वेतन सेवासमाप्तीच्या वेळी देण्याची तरतूद आहे, याचीही ती माहिती काढते. तेथे कामगार संघटनेला स्थान नाही आणि वास्तव्याचा परवाना बहुधा मालकाशी बांधलेला असतो; तेव्हा तो देश श्रमिकांचा स्वर्ग आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु परदेशी मालकाला जे प्रश्न विचारावयाचे, ते देशी मालकाला विचारू नयेत, हा कोणता न्याय?

हे प्रश्न विचारण्यास महाराष्ट्रात कायद्याचा आधार नाही, असेही नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे विनियमन करणारा १९७७ चा महाराष्ट्र अधिनियम १५ जुलै १९८१ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी त्याखालील नियमावली झाली. शाळेला अनुदान असो वा नसो, मान्यताप्राप्त खाजगी शाळेला तो लागू आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. कायम जागेवरील नेमणूक दोन वर्षांच्या परिवीक्षेवर करावयाची. त्या मुदतीत काम असमाधानकारक ठरवून सेवा संपवली नाही, तर कर्मचारी कायम झाला असे मानावयाचे. नेमणूकपत्राचा नमुना नियमांच्या अनुसूचीत छापलेला आहे. सेवाज्येष्ठतेची यादी ठेवणे व्यवस्थापनावर बंधनकारक आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती वा पदावनती झाल्यास ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. राजीनाम्याविषयीचे कलम तर मुद्दाम वाचण्यासारखे आहे. राजीनाम्याच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर सही व तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असे ते सांगते. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कायद्यात इतका तपशील लिहावा लागला, यावरून दडपणाखाली राजीनामे लिहून घेण्याची रीत किती रुळलेली असावी, याची कल्पना येते.

कायदा असा आहे. व्यवहार मात्र बऱ्याच ठिकाणी निराळा दिसतो. नेमणूक जूनमध्ये आणि मुक्तता एप्रिलमध्ये, म्हणजे उन्हाळी सुटीचा पगार वाचतो आणि परिवीक्षेची दोन वर्षे कधीच पुरी होत नाहीत. पगार बँकेत जमा होतो, पण त्यातील काही भाग रोखीने परत करावा लागतो. कागदावरचे वेतन एक आणि घरी पोचणारे दुसरे. मूळ प्रमाणपत्रे कार्यालयाच्या कपाटात ठेवून घेतली जातात, म्हणजे अधिक बरी नोकरी मिळाली तरी पाय निघत नाही. प्रवेशाच्या हंगामात शिक्षिकांना घरोघर पाठवले जाते आणि आणलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर त्यांची किंमत ठरते. २०२० च्या टाळेबंदीत अनेक खाजगी शाळांनी पगार निम्म्यावर आणले किंवा थांबवले, तेव्हा शिक्षिका घरी बसून, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या पैशाने तास घेतच होत्या. यांतील एकेक गोष्ट किरकोळ भासेल. एकत्र पाहिल्यास ती एक व्यवस्था आहे, हे ध्यानी येईल.

या व्यवस्थेला एका न्यायालयीन निर्णयानेही अप्रत्यक्ष बळ दिले. शिक्षणसंस्था हाही उद्योगच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात मानले होते. पण १९८८ मध्ये, गोव्यातील ए. सुंदरांबाळ या शिक्षिकेच्या प्रकरणात, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. शिक्षण हे थोर कार्य आहे, त्याची गणना शारीरिक वा कारकुनी कामात होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. शब्द गौरवाचे होते; फळ मात्र असे, की वाळूजच्या कारखान्यातील यंत्रचालक कामावरून काढला गेला तर कामगार न्यायालयाची वाट धरू शकत होता आणि त्याच्या मुलीला अक्षरे शिकवणाऱ्या बाईंना ती वाट बंद होती. थोरवी गळ्यात घातली आणि हक्क काढून घेतला, असाच याचा अर्थ.

तरीही शिक्षकांनी जे मिळवले ते थोडे नाही. १९८६ मध्ये फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचारी संघटनेने सर्वोच्च न्यायालयात लढा दिला आणि दिल्लीतील विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळेलाही शासकीय शाळांइतके वेतन देणे भाग पडले. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत २००४ मध्ये निकाल शिक्षकांच्या विरुद्ध गेला. पण संसदेने २००९ मध्ये कायदा सुधारून ३ एप्रिल १९९७ पासून तो हक्क शिक्षकांना दिला. खाजगी शाळांच्या संघटनांनी त्या दुरुस्तीला आव्हान दिले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. जेथे संघटना होती तेथे निकाल मिळाला, किंवा निकाल विरुद्ध गेला तर कायदा बदलून घेता आला. एकटीदुकटी शिक्षिका न्यायाधिकरणाची पायरी चढते तेव्हा वकिलाची फी आणि 'ही भांडखोर आहे' हा शिक्का, दोन्ही तिला एकटीलाच सोसावे लागतात.

संस्थाचालक येथे त्यागाच्या परंपरेचा दाखला देतात. ती परंपरा मराठवाड्यात खरोखरच मोठी आहे. दिल्लीत ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. निजामी राजवटीत सरस्वती भुवनने मातृभाषेतील शिक्षणाचा दिवा तेवत ठेवला. पुढे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातील सेनानीने त्या संस्थेची धुरा वाहिली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये याच शहरात महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्धीस आले. पण त्या परंपरेत त्याग प्रथम संस्था चालवणाऱ्यांनी केला होता. चालकाची दुसरी इमारत उभी राहते, तिसरी बस येते आणि त्याग तेवढा शिक्षिकेच्या पगारातून कापला जातो, याला त्या परंपरेचे नाव देणे हा तिचा अवमान आहे.

आता एका खऱ्या अडचणीचा विचार केला पाहिजे. वेतनश्रेणीप्रमाणे पगार द्यायचा तर शुल्क वाढवावे लागेल आणि रिक्षाचालकाच्या, कंत्राटी कामगाराच्या मुलाला शाळा सोडावी लागेल, असे लहान शाळांचे चालक म्हणतात. पत्र्याच्या छपराखाली शंभर-दीडशे मुलांची शाळा चालवणाऱ्याचे हे म्हणणे सरसकट खोटे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील २५ टक्के जागांची प्रतिपूर्ती शासनाकडून वेळेवर येत नाही, ही त्यांची तक्रारही रास्त आहे. मात्र या युक्तिवादाची खरी कसोटी हिशेबाच्या वहीत आहे. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या महाराष्ट्र अधिनियमाने शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवणे बंधनकारक केले आहे आणि शुल्क ठरवताना शिक्षकांच्या वेतनाचा खर्च विचारात घ्यावयाचा आहे. म्हणजे पालकाकडून शुल्क घेताना जे वेतन दाखवले, तेच शिक्षिकेच्या हाती पडले की नाही, हे विचारण्याचा मार्ग मोकळा आहे. जी शाळा वही उघडून दाखवते, तिच्या गरिबीचा आदर करावा. जी दाखवत नाही, तिच्या गरिबीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

शासनानेही या बाबतीत फारसा चांगला धडा घालून दिलेला नाही. 'शिक्षणसेवक' या गोंडस नावाखाली तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर राबवून घेण्याची पद्धत शासनानेच २००० मध्ये सुरू केली. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन १६ हजार रुपये होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. 'कायम विनाअनुदान' धोरणातील 'कायम' हा शब्द २००९ मध्ये वगळला, पण इंग्रजी माध्यमाच्या शाळा त्यातून बाहेरच राहिल्या. ज्या शाळांना शासन पैसा देत नाही, त्यांच्या पगारपत्रकाकडेही ते पाहत नाही. आणि न पाहण्याच्या या सवयीवर सारा व्यवहार उभा आहे.

समाजवादी चळवळीनेही येथे अंतर्मुख व्हावयास हवे. मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह योग्यच आहे आणि इंग्रजी शाळांनी समाजात नवी वर्णव्यवस्था आणली, ही टीकाही सोडण्याचे कारण नाही. परंतु शाळेच्या माध्यमाविषयीचा राग तेथे राबणाऱ्या शिक्षिकेवर निघत राहिला. ती 'त्यांची' मानली गेली. अनुदानित शाळांतील शिक्षकांच्या संघटना मोर्चे काढीत राहिल्या आणि विनाअनुदानित शाळेतील शिक्षिका फुटपाथवरून ते मोर्चे पाहत राहिली. वस्तुतः ती बहुधा गावाकडच्या अल्पभूधारकाची, शिपायाची वा गिरणी कामगाराची मुलगी आहे. आईबापांनी कर्ज काढून तिला बी.एड. केले आहे. इंग्रजी शाळेला विरोध करूनही तिची बाजू घेता येते. किंबहुना तिची बाजू घेतल्याखेरीज त्या विरोधाला अर्थ येत नाही.

तेव्हा एखादी शाळा मालक म्हणून चांगली की वाईट, हे ठरवण्यासाठी इमारतीकडे पाहू नये. नमुन्याप्रमाणे लेखी नेमणूकपत्र मिळते काय? कागदावरचा पूर्ण पगार, मे महिन्यासह, हाती पडतो काय? दोन वर्षे झालेली किती माणसे कायम झाली आणि गेल्या पाच वर्षांत किती सोडून गेली? मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या कपाटात आहेत? आणि तक्रार करणारी शिक्षिका पुढच्या जूनमध्ये त्याच वर्गावर उभी असते काय? या पाच प्रश्नांची उत्तरे मुख्याध्यापकांच्या दालनात मिळणार नाहीत. ती शाळा सोडून गेलेल्या शिक्षिकांकडे मिळतील. प्रत्येक वॉर्डातील कार्यकर्त्याने आपल्या भागातील एका शाळेपुरती ही माहिती गोळा करावी, पालक-शिक्षक संघात निवडून जाऊन हिशेब मागावा आणि अपिलाची ३० दिवसांची मुदत चुकण्याआधी शिक्षिकेला न्यायाधिकरणापर्यंत सोबत द्यावी. जी बाई स्वतःच्या हक्काविषयी वर्गाबाहेर ब्र काढू शकत नाही, तिने वर्गात नागरिकशास्त्राचा धडा कोणत्या तोंडाने शिकवावा, याचे उत्तर तिच्याकडून नव्हे, तर समाजाकडून यावयास हवे.