आधी मॅमोग्राफी, मग ऑपरेशनची तारीख

स्तनांचा आकार कमी करण्याचं ऑपरेशन, म्हणजे ब्रेस्ट रिडक्शन, करून घ्यायचं ठरवलेल्या प्रत्येक बाईला माझी कळकळीची विनंती आहे. तारीख पक्की करण्याआधी स्तनांची कॅन्सरसाठी तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी आपणहून सांगितली तर उत्तमच. नाही सांगितली, तर तुम्ही विचारा.

हे ऑपरेशन म्हणजे नुसती हौस, असं अजूनही सर्रास बोललं जातं. ज्यांनी हे ओझं वर्षानुवर्षं वागवलंय त्यांना विचारून बघा. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर पडलेले खोल वळ, संध्याकाळपर्यंत भरून येणारी मान आणि पाठ, उन्हाळ्यात स्तनाखालच्या घडीत घामानं उठणारं पुरळ. धावणं सोडाच, भरभर जिना उतरणंही नको होतं. हा त्रास खरा आहे आणि ऑपरेशननं तो बराच कमी होतो. त्यामुळे ते करू नका असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त आधी तपासून घ्या.

का, ते सांगते. या ऑपरेशनात सर्जन जादा कातडी, चरबी आणि ग्रंथींचा भाग काढतात, स्तनाग्र वर सरकवतात आणि उरलेला भाग नव्या आकारात बसवून शिवतात. काढलेला भाग बहुधा तुकड्यातुकड्यांत निघतो आणि तपासणीसाठी पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातो. साधारण शंभरात एखादीच्या किंवा त्याहूनही कमी बायकांच्या बाबतीत, कुणाच्या मनात शंकाही नसताना, त्यात कॅन्सर सापडतो. प्रमाण थोडं आहे, पण जिच्यावर ही वेळ येते तिची पंचाईत मोठी होते. पंचनाम्याआधीच जागेवरच्या वस्तू हलवल्या तर तपास अडतो ना, तसं इथं होतं. गाठ नेमकी कुठं होती? पुरती निघाली की थोडी मागे राहिली? राहिली असेल तर तो भाग आता कुठं सरकलाय? तुकड्यांवरून याची उत्तरं नीट मिळत नाहीत. रेडिएशन कुठं एकवटायचं हे ठरवणं अवघड जातं, काखेतल्या ग्रंथींची तपासणीही किचकट होते. जिचा स्तन कदाचित वाचला असता, तिला काही वेळा तो पूर्ण काढावा लागतो.

तीच गाठ आधी कळली तर कॅन्सरचे सर्जन आणि प्लास्टिक सर्जन एकत्र बसून ठरवू शकतात. पुष्कळदा गाठ भोवतालच्या निरोगी भागासकट काढून त्याच वेळी दोन्ही स्तनांचा आकारही कमी करता येतो. स्तन मोठे असतील तर त्यासाठी वावही जास्त असतो.

‘मला तर हाताला काहीच लागत नाही,’ असं पुष्कळ जणी म्हणतात. हातानं केलेली तपासणी कमी लेखू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं 1998 मध्ये शहरातल्या वस्त्यांमधून दीड लाखावर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तन हातानं तपासत. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. शिकलेल्या हातांची ही किमया आहे. पण जड स्तनात खोलवर दडलेली 8-10 मिलिमीटरची गाठ अशा हातांनाही चकवू शकते, आणि गाठ धरण्याआधीचे कॅल्शियमचे बारीक कण तर मॅमोग्राफीतच दिसतात. म्हणून ऑपरेशनपूर्वी नुसत्या हातावर भागवू नका.

वय चाळीस किंवा पुढे असेल तर मॅमोग्राफी हवीच, आणि तीही गेल्या वर्षभरातली. चाळिशीच्या आत ग्रंथी दाट असतात, मॅमोग्राफीत त्याआड गाठ लपते, म्हणून बहुतेक वेळा आधी सोनोग्राफी करतात. ‘माझं वय कुठं आहे’ असं म्हणून तीही टाळू नका. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानानं साधारण दहा वर्षं आधी गाठतो. घरात कुणाला झाला होता का, हे डॉक्टरांना सांगताना आई-मावशीवर थांबू नका. आत्या, वडिलांची आई, तिच्या बहिणी, सगळ्या सांगा. वडिलांकडूनही हा धोका येतो. अंडाशयाचा कॅन्सर कुणाला झाला असेल तर तोही आवर्जून सांगा. त्यावरून एमआरआय किंवा जनुकांची तपासणी लागेल का, हे डॉक्टर ठरवतील.

मॅमोग्राफीला पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात जा, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नका, त्यातले कण फिल्मवर कॅल्शियमसारखे दिसू शकतात. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबला जातो. दुखतं, पण लगेच सुटकाही होते. स्तन मोठे असतील तर जास्तीच्या फिल्म काढाव्या लागतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. खोलीत बाई तंत्रज्ञ हवी असेल तर आधीच सांगून ठेवा.

रिपोर्टवर बायरॅड्स म्हणून एक आकडा असतो. 1 किंवा 2 असला की काळजी नाही. 3 असला तर ऑपरेशन आत्ताच करायचं की सहा महिन्यांनी पुन्हा तपासून, हे डॉक्टरांशी बोला. 4 किंवा 5 आला तर आधी बायॉप्सी, तोवर ऑपरेशन थांबवा. शून्य बघून मात्र हुश्श करू नका. शून्याचा अर्थ तपासणी अपुरी आहे, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी हवी, एवढाच. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही भीती घराघरात आहे. मनातून काढून टाका. बायॉप्सीनं आजार पसरत नाही, ती टाळत राहिलात तर तो वाढायला वेळ मिळतो.

स्तनाग्रातून रक्त येणं, कातडी आत ओढली जाणं, काखेत गाठ लागणं, यातलं काही असेल तर रिडक्शनचा विषय बाजूला ठेवा आणि आधी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा.

ऑपरेशन ठरलं की सर्जनना दोन गोष्टी विचारा. काढलेला भाग लॅबला पाठवणार ना? आणि डाव्या-उजव्या स्तनाचा भाग वेगवेगळ्या डब्यांत, नाव आणि बाजू लिहून जाणार ना? टाके निघाले, बरं वाटू लागलं, की तो रिपोर्ट आणायचा राहून जातो. तसं होऊ देऊ नका, तो हातात घ्या आणि डॉक्टरांकडून समजून घ्या.

आकार कमी झाला म्हणजे पुढच्या तपासण्या सुटल्या असं नाही. ऑपरेशनचे व्रण आणि आतली मेलेली चरबी पुढच्या मॅमोग्राफीत संशयास्पद दिसू शकते. अशा वेळी ऑपरेशनआधीच्या फिल्म शेजारी ठेवल्या की रेडिओलॉजिस्टला फरक कळतो आणि विनाकारण होणारी बायॉप्सी कधी कधी टळते. त्या फिल्म किंवा सीडी ऑपरेशनच्या कागदांसोबत एकाच फायलीत ठेवा, आणि गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी ती फाईल दर तपासणीला सोबत न्या.