रंगवलेल्या बाटलीला भंगारात भाव नाही

चेन्नईच्या दक्षिणेकडील शोळिंगनल्लूर भागातील एका शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तूंचे प्रदर्शन पाहण्याचा योग मला आला. प्लास्टिकच्या बाटल्यांची फुले, जुन्या सीडींचे मोर, आइस्क्रीमच्या काड्यांची घरे आणि मध्यभागी थर्माकोलच्या पाट्यावर उभारलेले ‘हरित शहर’ असा सारा थाट होता. मुलांचे कौशल्य वादातीत होते. निघताना शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईंना मी सहज विचारले, उद्या या वस्तूंचे काय होईल? सगळे कचऱ्याच्या गाडीत जाईल, असे त्या म्हणाल्या. नुसत्या बाटल्या असत्या तर ‘कायलान कडै’वाल्याने, म्हणजे तिथल्या भंगारवाल्याने, विकत घेतल्या असत्या. रंग, गोंद आणि चमकी लागल्यावर त्या कोण घेणार?

त्या एका उत्तराने माझ्या लेखी प्रदर्शनाचा निकाल लागला. शीतपेयाची पारदर्शक बाटली हा आपल्या कचऱ्यातील बऱ्यापैकी किमतीचा प्लास्टिकचा प्रकार आहे. ती वेचली जाते, विकली जाते आणि तिच्यापासून धागाही तयार होतो. खरी अडचण आहे ती वेफर्सच्या आणि बिस्किटांच्या बहुस्तरीय वेष्टनांची, कारण त्यांतील प्लास्टिक आणि धातूचे थर सहज सुटे होत नाहीत. आपण मात्र विकली जाणारी बाटली मुलांकडून रंगवून घेतो आणि न विकले जाणारे वेष्टन मधल्या सुट्टीत त्यांच्याच हातून टोपलीत टाकवतो. थर्माकोलची गोष्ट तर आणखी मासलेवाईक आहे. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि महाराष्ट्राने गणपतीच्या मखरांच्या निमित्ताने ती २०१८ सालीच अनुभवली आहे. तरीही पर्यावरणाच्या प्रकल्पाचा पाया थर्माकोलचाच असतो!

शोळिंगनल्लूरसारख्या ठिकाणी ही विसंगती अधिक बोचते. २०११ मध्ये चेन्नई महानगरपालिकेत सामील झालेले हे गाव आज माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे उपनगर आहे. त्याच्या शेजारी पळ्ळिकरणैची पाणथळ भूमी पसरली आहे. २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्याच पाणथळीच्या कडेवर पेरुंगुडीची कचराभूमी आहे, जिथे शहराचा कचरा अनेक दशके पडत आला. रामसर दर्जा मिळाला त्याच वर्षी, एप्रिलच्या अखेरीस, तिथे मोठी आग लागली आणि तिचा धूर आसपासच्या वस्त्यांवर पसरला. त्या धुरात श्वास घेतलेली मुले आज वरच्या वर्गांत असतील. कचरा म्हणजे काय, हे त्यांना कागदी मोरातून शिकवण्याची गरज आहे का?

हस्तकला निरर्थक आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट या देशात हस्तकलेला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा सर्वांत गंभीर विचार महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी ‘नई तालीम’ची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. त्या कल्पनेत टकळी हे शोभेचे साधन नव्हते. कापूस किती घेतला, सूत किती निघाले, वाया किती गेले, याच्या हिशेबातून गणित शिकायचे होते. कापूस कुठून आला, यातून भूगोल. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा व्यवहारात टिकली नाही, आणि त्यावरची टीकाही रास्त होती. पण वस्तूचा हिशेब ठेवण्याची ती शिस्त आपण टीकेबरोबरच टाकून दिली आणि हाती उरली ती केवळ सजावट.

पुण्याच्या वाचकांना अरविंद गुप्ता यांची खेळणी ठाऊक आहेत. सत्तरच्या दशकातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहभागी झालेल्या आणि पुढे पुण्याच्या ‘आयुका’त अनेक वर्षे काम केलेल्या या अभियंत्याने काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे आकार उभे केले. त्रिकोण दाबला तरी मोडत नाही आणि चौकोन कलतो, हे त्यातून मुलाच्या बोटांना कळते. ते खेळणे कपाटात ठेवण्यासाठी नसते. काम झाले की काड्या सुट्या होतात आणि त्यांतून दुसरे काही घडते. प्रदर्शनातल्या मोराचे तसे होत नाही.

आपल्या घरांतही याची परंपरा आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आजीने ‘शाश्वत विकास’ हा शब्द ऐकला नव्हता. कापड कुठे विरले आहे आणि कुठे अजून दमदार आहे, हे तिला हाताने कळत असे. तमिळनाडूतही लग्नात तांबूल देण्याची पिवळी कापडी पिशवी, ‘मंजप्पै’, घरोघरी होती. पुढे ती गावंढळपणाची खूण ठरून हिणवली गेली. राज्याने जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरण्याच्या प्लास्टिकच्या १४ वस्तूंवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ‘मींडुम मंजप्पै’, म्हणजे ‘पुन्हा पिवळी पिशवी’, ही मोहीम सुरू केली. शाळेच्या हस्तकलेच्या तासाला याहून सरळ काम कोणते हवे?

राहिला प्रश्न धोरणाचा. पर्यावरण हा सक्तीचा विषय करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आणि सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडून शिकण्याची उदाहरणे दिली. तमिळनाडूला हे धोरण मान्य नाही, तो वाद वेगळा. पण धोरण कोणाचेही असो, त्या यादीत कचरावेचकाचे नाव घालायला कोणाची हरकत असावी? पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने संघटित केलेल्या स्त्रियांना प्लास्टिकचे प्रकार स्पर्शाने ओळखता येतात. त्यांच्याइतका जाणकार ‘स्थानिक तज्ज्ञ’ शाळेला मिळणे कठीण आहे. त्यांना मानधन देऊन वर्गात बोलवावे. आठवडाभर वर्गाचा कचरा मुलांकडून वजन करून घ्यावा, त्यातले काय विकले गेले आणि काय उरले याची वही ठेवावी, आणि गुण त्या वहीला द्यावेत. हातांना काम द्यायचेच असेल तर ते उरलेल्या भागावर द्यावे, विकल्या जाणाऱ्यावर नव्हे. यासाठी निधी नाममात्र लागेल. पालकांना छायाचित्र काढण्याजोगे मात्र फारसे मिळणार नाही, आणि बहुधा हीच खरी अडचण आहे.

त्या प्रदर्शनात एका कोपऱ्यात वडिलांच्या जुन्या लुंगीची शिवलेली एक पिशवी टांगली होती. टाके वाकडे होते, बक्षीस अर्थातच मिळाले नव्हते. शाळा सुटली तेव्हा ती शिवणाऱ्या मुलीने पिशवी खुंटीवरून काढली, आपला डबा आणि पाण्याची बाटली तीत घातली आणि ती बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.