आभाळावर आपटून येणारा आवाज



मंगळवेढा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा अकरावीला आहे. रात्री जेवणे झाली की तो माळवदावर तांब्याची तार ताणतो, जुना ट्रान्झिस्टर कानाशी धरून खरखर ऐकतो आणि वहीत काहीबाही टिपत बसतो. घरात मोबाईल असताना हे खूळ कशाला, यातून नोकरी लागेल काय, आणि पोलिसांचा ससेमिरा तर लागणार नाही ना, असे त्यांनी विचारले आहे. आईची काळजी रास्त आहे. म्हणून या आठवड्याचे सदर याच विषयाला दिले आहे.

पोलिसांची भीती आधी काढून टाकू. नुसते ऐकायला आज परवाना लागत नाही. एके काळी घरात रेडिओ ठेवायचा तरी पोस्टात वर्षाची फी भरावी लागे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. परवाना लागतो तो बोलायला. हौसेने बिनतारी यंत्रावर बोलणाऱ्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. परवाना मिळाला की सरकार एक ओळखचिन्ह देते. आपल्या देशात ते बहुधा व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ असे सुरू होते. समोरच्याला सांगायचे ते हे चिन्ह, पहिले नाव आणि गाव. आडनाव कोणी विचारत नाही. धर्म, राजकारण आणि धंदा यांवर बोलण्यास नियमाने बंदी आहे. आडनावाशिवाय आपल्याशी बोलणारी माणसे आम्हांला तरी फार भेटली नाहीत.

आणि ती वही! आम्ही वाणिज्य शाखेचे, जन्म खर्डेघाशीत गेला. त्यामुळे हॅम मंडळींची ही रीत आम्हांला फार आवडली. प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ, लहरीची लांबी, समोरच्याचे चिन्ह आणि आवाज किती स्पष्ट आला याची नोंद ते रोजकीर्दीप्रमाणे ठेवतात. वेळ आंतरराष्ट्रीय धरायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. मग एकमेकांना पोस्टाने कार्ड पाठवायचे. ती पावती. पावतीशिवाय जमा नाही, हा हिशेबाचा नियम तेथेही आहेच.

आता मूळ प्रश्न. पृथ्वी गोल, आवाज सरळ रेषेत जाणार, मग मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून परदेश ऐकू येतो कसा? उत्तर आभाळात आहे. सूर्याच्या किरणांमुळे फार उंचावरची विरळ हवा विद्युतभारित होते आणि तिचे थर बनतात. खालचा थर ६० ते ९० किलोमीटरवर असतो. तो दिवसा मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की विरून जातो. म्हणूनच दिवसा न लागणारी दूरची केंद्रे रात्री खणखणीत लागत. वरचा थर अडीचशे ते चारशे किलोमीटरवर असतो व रात्रीही टिकतो. लघुलहरी त्यावर आपटून खाली येतात, जमिनीवरून पुन्हा उसळतात. एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर सहज पार होतात.

गंमत अशी, की या लघुलहरी एके काळी टाकाऊ समजल्या जात. लांब पल्ल्यासाठी लहरही लांबच हवी, असे मोठमोठ्या कंपन्यांचे ठाम मत होते. म्हणून दोनशे मीटरखालचा पट्टा १९१२ मध्ये अमेरिकेत हौशी लोकांच्या पदरात टाकला गेला. गावची पडीक जमीन कोणाच्या वाट्याला येते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. या मंडळींनी त्याच पडीक तुकड्यावर १९२३ मध्ये अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संभाषण केले, आणि मग कंपन्यांचे डोळे उघडले. पुढे २३ जुलै १९२७ रोजी इंग्लंडशी बिनतारी सेवा सुरू झाली. तिचे संदेश खडकीहून जात आणि दौंडला येत. सोलापूर-पुणे गाडीत आपण ज्या दौंडला चहा पितो, तेच हे दौंड.

मोबाईल असताना हे कशाला, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला किल्लारीत मिळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादची धरणी हादरली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी हॅम मंडळींनी आपली यंत्रे घेऊन जाऊन निरोप पोहोचवण्याचे काम केले. आज मोबाईल आहे, पण त्याचा मनोरा विजेवर चालतो आणि मनोराही पडतो. हॅमचे यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालते.

किल्लारी मंगळवेढ्यापासून सरळ अंतराने सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. हे अंतर मोठे अडचणीचे. जमिनीलगत जाणारी लहर तेथवर पुरत नाही, आणि वीस मीटरची लहर आभाळावर आपटून खाली येते ती किल्लारी ओलांडून पार पुढे. मधला मुलूख मुका राहतो! अशा वेळी जाणकार माणूस दिवसा चाळीस मीटरची लहर धरतो आणि तार मुद्दाम खाली, चार-पाच मीटरवरच ताणतो. लहर जवळजवळ सरळ वर जाते व आपल्याच भोवतीच्या तीनशे-चारशे किलोमीटरांत उतरते. पिकाला पाणी देताना नळीचे तोंड आभाळाकडे धरले तर पाणी आपल्याच अंगावर पडते, तसे. जितके उंच तितके चांगले, हा समज येथे खोटा ठरतो.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये हौशी केंद्र चालवण्यासाठीच गेल्या होत्या. त्यांनी यंत्र सुरू ठेवले आणि कोण सुखरूप आहे याचे निरोप मुख्य भूमीवरच्या नातलगांपर्यंत पोहोचवले. मुलींना हे खेळ नकोत म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणे आम्हांला पटत नाही. हा छंद पगार देत नाही. उलट परदेशी यंत्र घ्यायचे तर दुसऱ्याचा पगार खातो. परंतु हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा स्वस्त संच रचला आणि त्याची रचना सर्वांना खुली केली. तो जुळवताना जे इलेक्ट्रॉनिक्स हाताला लागते ते आयटीआयला वा पदविकेला कामी येते. दोघा-तिघांनी मिळून पैसे घातले तर ओझेही होत नाही.

परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची बिनतारी शाखा घेते. वयाची अट बारा वर्षे पूर्ण, बस. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम हे दोन विषय असतात. वरच्या श्रेणीला मोर्सची कडकट्टही यावी लागते. अर्ज सरल संचार या सरकारी संकेतस्थळावर भरावा. सध्या ऐकायला काळही बरा आहे. सूर्यावरच्या डागांचे साधारण अकरा वर्षांचे चक्र असते. डाग वाढले की वरचा थर दाट होतो आणि दहा-पंधरा मीटरच्या लहरीही दूरवर पोहोचतात. या चक्राचा भर २०२४ मध्ये होता, तो हळूहळू ओसरेल.

त्या भगिनींनी मुलाची तार एकदा स्वतः पाहून घ्यावी. ती विजेच्या खांबाला बांधू देऊ नये, विजेच्या तारांवरून वा खालूनही नेऊ देऊ नये. आणि वळवाचे ढग दिसले, लांबवर गडगडले, की ती रेडिओपासून सोडवून घराबाहेर टाकायला सांगावे. आपल्याकडे सपाट रान, झाड विरळ. वीज उंच काय आहे तेच शोधते.