व्यायामाचा व्हिडिओही पारखून घ्या

दिवसभर दुकानाच्या गादीवर किंवा शिलाई मशीनपुढे बसणाऱ्यास व्यायाम हवाच. व्यायामशाळेत जाण्यास सवड नसेल तर घरचा व्हिडिओ हा चांगला मार्ग आहे. मात्र पुष्कळजण ‘स्टेप एरोबिक्स’चा व्हिडिओ लावतात, पावले चुकतात आणि आठवडाभरात सर्व बंद करतात. येथे दोष माणसाचा नसून निवडीचा आहे.

अमेरिकेत १९८९ च्या सुमारास जिन मिलर यांनी गुडघ्याच्या दुखापतीतून सावरताना पायरीच्या चढ-उतारातून हा प्रकार विकसित केला. मूळ व्यायाम तेवढाच: चढणे आणि उतरणे. पुढे त्यात गिरक्या व ३२ ठोक्यांच्या रचना आल्या. नाचाची आवड असणाऱ्यास त्या आनंद देतात. इतरांचा वेळ मात्र पाऊल शोधण्यातच जातो, आणि पायरीवर चुकलेले पाऊल घोट्याला महाग पडते.

म्हणून आधी दहा मिनिटे नुसते बसून पाहावे. शिक्षक पुढचे पाऊल वेळेवर सांगतो काय? तेच पाऊल पुरेसे वेळा होते काय? गिरक्या टाळता येतात काय? सुरुवात सपाट जमिनीवर, मग ४ इंचांच्या पायरीवर करावी. तरीही जमत नसेल तर लेस्ली सॅन्सोन यांच्यासारखे जागच्या जागी चालण्याचे व्हिडिओ निवडावेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. त्यात नाच येण्याची अट नाही.

शिक्षकाचे नाव किती मोठे, हे पाहू नये. जो व्हिडिओ नेमाने लावला जाईल, तोच नफ्याचा सौदा होय.