शस्त्रचोरीची खबर देणाऱ्या विक्रेत्याला संरक्षण हवे
परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय/महोदया,

डिसेंबर २०१७ मध्ये नाशिक ग्रामीण पोलिसांनी चांदवडच्या टोलनाक्यावर एक गाडी अडवली. मालेगावच्या पंपावर डिझेल भरून पैसे न देता ती पळाली होती, म्हणून तिचा माग लागला. गाडीत चाळीसहून अधिक रायफली व रिव्हॉल्व्हर आणि चार हजारांवर काडतुसे निघाली. उत्तर प्रदेशातील बांदा येथील शस्त्रदुकानातून चोरलेला हा माल होता. डिझेलचे पैसे चुकते झाले असते, तर ती गाडी बहुधा विनाअडथळा पुढे गेली असती. आमच्यासारख्या एका दुकानातली चोरी किती लांबवर जाऊन पोचते, हे आम्ही त्या दिवशी पाहिले. त्यामुळे या पत्रात आम्ही सवलत मागत नाही. सुरक्षेचे नियम कडक करा, ते स्पष्ट लिहा आणि चोरी कळवणाऱ्याला त्यांत भरडू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सर्वांत निकडीची मागणी खबर देण्याबाबत आहे. चोरी ‘तातडीने’ कळवावी, असे आज आम्हाला सांगितले जाते. तातडीने म्हणजे किती तासांत? अमेरिकेत १९९४च्या कायद्याने विक्रेत्यांना ४८ तासांची मुदत घालून दिली आहे. आमच्या मते तीही जास्त आहे. चोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत पोलीस ठाण्यात तोंडी व लेखी खबर आणि २४ तासांत साठ्याची पूर्ण पडताळणी, अशी मुदत आमच्यावर घाला. ती मोडणाऱ्याची आम्ही पाठराखण करणार नाही. पण मुदतीत येणाऱ्याच्या खबरीवरून चोरीचा गुन्हा त्याच वेळी नोंदवला गेला पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार हद्दीचा प्रश्न न काढता खबर घ्यावी लागते, तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. तरीही ‘आधी चौकशी करू, मग बघू’ असे ऐकून परतलेले सभासद आमच्यात आहेत. त्या अवधीत शस्त्राने जिल्हा ओलांडलेला असतो. म्हणून गुन्हा नोंदवताच शस्त्राची बनावट, बोर आणि क्रमांक शेजारच्या सर्व जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षांना जावेत आणि परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीसंचातही चोरीची खूण व्हावी.

खबर दिल्यावर दुकानाला सील, परवाना निलंबित आणि महिनोन्‌महिने सुनावणी नाही, ही धास्ती प्रत्येक विक्रेत्याच्या मनात असते. अशा धास्तीने माणूस आधी आपल्याच वह्या चाळत बसतो, नोकरांना विचारत बसतो, आणि मोलाचे तास जातात. विक्रेत्याचा सहभाग किंवा ठळक निष्काळजीपणा प्रथमदर्शनी दिसत असेल, तर जरूर कारवाई करा. एरवी पंचनामा होताच दुकान उघडू द्या. निलंबन करायचेच असेल, तर कारणे लेखी द्या आणि पंधरा दिवसांत म्हणणे ऐका.

सुरक्षेबाबत राज्यभर एकच मापदंड हवा. आज तपासणीला येणारा अधिकारी बदलला, की अपेक्षा बदलतात. भिंतीत बसवलेली पोलादी तिजोरी, कॅमेरे आणि त्यांचे चित्रण दुकानाबाहेर साठवण्याची सोय, ठाण्याशी जोडलेली धोक्याची घंटा, रोज दुकान बंद करताना साठ्याची मोजणी व दोन सह्या: हे सारे बंधनकारक करा. आणखी एक गोष्ट आम्ही स्वतःहून सुचवतो. बारा बोरची दुनळी कुंद्यापासून सुटी होते, रायफलीचा बोल्ट निघतो. रात्री नळ्या व बोल्ट एका तिजोरीत, उरलेला भाग दुसरीत आणि काडतुसे तिसऱ्या जागी ठेवली, तर एक तिजोरी फुटली तरी चोराच्या हाती चालते शस्त्र लागत नाही. याला फारसा खर्च येत नाही. छोट्या गावातल्या दुकानदाराला कॅमेरे आणि घंटेसाठी मात्र वर्षभराची मुदत द्यावी.

जमा शस्त्रांचा प्रश्न वेगळा आणि जुना आहे. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली. तिसरे पोलीस ठाण्यात किंवा आमच्याकडे जमा करायचे होते. निवडणुका आल्या, की आणखी भर पडते. सरसकट सगळ्यांकडून शस्त्रे न घेता छाननी समितीने प्रकरणागणिक ठरवावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली गोव्यातील एका प्रकरणात सांगितले आहे. ते काटेकोर पाळले, तर दुकानातला भार हलका होईल. कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरील एखादी जुनी ठासणीची बंदूक मालकाच्या मृत्यूनंतर दुकानात येते. वारस परवाना घेत नाहीत, विकतही नाहीत. दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवरची शाई पुसट होते, बंदूक गंजते, तरी तिची जबाबदारी आमच्यावर राहते. दुकानात जितका माल पडून, तितका चोराला मोह. शस्त्र कायद्याच्या कलम २१मध्ये मुदत उलटलेली जमा शस्त्रे सरकारजमा करण्याची तरतूद आहे. दर जिल्ह्यात वर्षातून एकदा वारसांना नोटीस देऊन हा निपटारा करावा, आणि प्रत्येक दुकानाच्या तिजोरीच्या क्षमतेनुसार जमा शस्त्रांची कमाल संख्या परवान्यावरच लिहावी.

या मागण्यांवर गृह विभाग, पोलीस आणि विक्रेते यांची बैठक एका महिन्यात बोलवावी. आमच्या प्रत्येक सभासदाची साठा नोंदवही त्या बैठकीपूर्वी तपासणीसाठी खुली असेल.

आपले नम्र,
संघटनेची कार्यकारिणी