कागलच्या कामगाराची छाती कोण तपासणार?

फाउंड्रीत फेटलिंगवर काम करणाऱ्या माणसाला पहिली धाप लागते ती बहुधा दहा वर्षांनंतर, कधी त्याहूनही उशिरा. साच्याची वाळू म्हणजे सिलिका. कास्टिंग साच्यातून बाहेर आले की त्याला चिकटलेली वाळू झाडायची, कडा ग्राइंडरने घासायच्या, हे फेटलिंगचे काम. त्यात उडणाऱ्या धुळीतला डोळ्यांना दिसणारा भाग बराचसा नाकातच अडकतो. न दिसणारा भाग फुप्फुसाच्या तळाशी जातो आणि तिथेच राहतो. त्याच्याभोवती व्रण धरतात आणि काम सोडले तरी ते वाढत राहतात. सिलिकोसिस बरा करणारे औषध आजही नाही.

आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतला कामगार डोळ्यांसमोर आणा. तो उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड किंवा ओडिशातून ठेकेदारामार्फत येतो. एका शेडमध्ये वर्ष-दोन वर्षे काढतो, मग गोकुळ शिरगाव, मग शिरोली, मग पुण्याकडे किंवा थेट राजकोटला. धाप लागायला सुरुवात होते तेव्हा तो कागलमध्ये नसतो. गावाकडचा डॉक्टर एक्स-रेवरचे ठिपके पाहून क्षयाची औषधे सुरू करतो. सिलिकाची धूळ खाल्लेल्या फुप्फुसाला क्षय जडण्याचा धोकाही काही पटींनी जास्त असतो, म्हणून पुष्कळदा क्षयाचे निदान चूकही नसते. फक्त अर्धे असते. उरलेला अर्धा भाग कागलच्या कुठल्याही नोंदवहीत येत नाही. 1948च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवायलाच हवा असा रोग ठरवला. पण कळवणार कोण? डॉक्टरला तो दिसला, ओळखता आला आणि रुग्णाने आधी कुठे काम केले हे विचारायला वेळ मिळाला, तरच.

कामगारांच्या आरोग्यावर दर आठवड्याला लिहिताना मला सर्वांत जास्त खुपते ती माहितीची पोकळी. आजारी माणसे आहेत, अनुभवी डॉक्टर आहेत, कोल्हापुरात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे. पण प्रश्न घेऊन शेडच्या दारात जाणारा तरुण संशोधक नाही, कारण पहिल्या पायरीसाठी त्याला पैसे देणारे कोणी नाही. ही पहिली पायरी म्हणजे पथदर्शी अभ्यास. कागलला आज त्याची गरज आहे.

असा पैसा देण्याचा एक नमुना अमेरिकेत आहे. तिथे 2023 साली राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पाच केंद्रांना मिळून पाच कोटी डॉलर दिले. विषय होता, ज्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या गरिबी हटलेली नाही तिथला कर्करोग. व्याख्या सरळ होती: तीस वर्षे किंवा अधिक काळ ज्या वस्तीतले वीस टक्के किंवा त्याहून जास्त लोक गरिबीतच राहिले, तो सततच्या गरिबीचा भाग. या केंद्रांच्या कामातच उमेदीतल्या संशोधकांना घडवण्याची जबाबदारी धरलेली आहे. कल्पना चांगली आहे. पण ती जशीच्या तशी इथे आणली तर कागल तिच्यात बसणार नाही. आपल्याकडे 2018च्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव आले. कोल्हापूर त्यात नव्हते आणि ते बरोबरच होते. ऊस, दूध, फाउंड्री आणि कापड यांवर उभा असलेला हा सुस्थितीतला जिल्हा आहे.

मात्र गरिबी नकाशावरच्या रंगासारखी एका जागी बसून राहत नाही. झारखंडच्या गावातली तीन पिढ्यांची गरिबी मोल्डिंगच्या शेडमध्ये उभी असते. बीडची गरिबी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन याच तालुक्यातल्या साखर कारखान्यांच्या फडावर येते, खोपीत राहते आणि उन्हाळ्यात उचल फिटली की नाही याचा हिशेब करत परत जाते. ज्या गावांत गरिबी मोजली जाते तिथे ही माणसे वर्षातला मोठा काळ नसतात, आणि जिथे ती आजारी पडतात तो तालुका श्रीमंत म्हणून कुठल्याच यादीत येत नाही.

बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे काय झाले ते आठवा. 2019 साली बातम्या आल्यावर सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात 82 हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. हे काही एका हंगामात घडलेले नव्हते. एका टोळीतल्या बायकांना शांतपणे विचारणारी, एका तालुक्यापुरती छोटी पाहणी काही वर्षे आधी झाली असती, तर कितीतरी बायका वाचल्या असत्या.

अशी छोटी पाहणी काय करू शकते याचा सर्वांत ठसठशीत पुरावा महाराष्ट्रातच आहे. राणी बंग आणि अभय बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून शिकून 1984मध्ये परतले आणि 1986मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. दोघे पस्तिशीच्या आसपासचे. त्यांनी दोन गावे निवडली, वसा आणि अमिर्झा. 650 बायकांची तपासणी केली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार होता, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या आठ टक्के. जानेवारी 1989मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला. तोवर गरीब देशांतल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच विचार होत असे. या दोन गावांनी जगाला तो बदलायला लावला. त्याही आधी, ऐन उमेदीत, अभय बंग यांनी रोजगार हमीच्या किमान वेतनामागचा पागे समितीचा हिशेब तपासून त्यातल्या चुका दाखवल्या होत्या. मजुरी चार रुपयांवरून बारा रुपयांवर गेली. त्या कामाला प्रयोगशाळासुद्धा लागली नव्हती.

पथदर्शी अभ्यासातून शेवटचे उत्तर मिळत नाही. प्रश्न नीट विचारला जातो आहे का, एवढेच त्यातून कळते. कागलपुरते पाहू. आज कामावर असलेल्यांचे एक्स-रे काढले तर बहुतेक फुप्फुसे ठीक दिसतील, कारण ज्यांची बिघडली ते काम सोडून गेलेले असतात. म्हणजे शोधायचे ते सोडून गेलेल्यांना. त्यांची यादी कोणाकडे? ठेकेदाराच्या वहीत, कामगार विमा योजनेच्या (ईएसआय) नोंदीत, की खोलीमालकाच्या आठवणीत? किती जणांचे मोबाइल नंबर अजून चालू आहेत? भोजपुरी बोलणाऱ्या माणसाला ‘धाप’ कशी विचारायची? ईएसआयची वेतनमर्यादा 2017पासून 21 हजार रुपये आहे. ज्याचा पगार तिच्या वर गेला, तो कोणत्या दवाखान्यात जातो? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय मोठ्या अभ्यासाचा प्रस्ताव लिहिणे म्हणजे अंदाजपंचे काम.

सगळ्यांत अवघड प्रश्न भीतीचा आहे. एक्स-रेवर ठिपका दिसला तर ठेकेदार उद्यापासून नको म्हणेल, हे कामगाराला पक्के ठाऊक असते. म्हणून तो तपासणीला येत नाही, आला तर खोकला लपवतो. त्याचा अहवाल फक्त त्याच्याच हातात जाईल आणि पुढच्या उपचाराची सोय लागेल, अशी व्यवस्था कागलसारख्या ठिकाणी कशी उभी करायची, याचाच सहा महिने अभ्यास झाला तरी तो मला मोलाचा वाटेल.

पैशाची आजची स्थिती अशी. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची दोन महिन्यांची विद्यार्थिवृत्ती 1979पासून चालू आहे. ती चांगली आहे, पण दोन महिन्यांत राजकोटला गेलेला कामगार सापडत नाही. वरच्या टोकाला अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचे पंतप्रधानांच्या नावाचे उमेदीच्या संशोधकांसाठीचे अनुदान आहे, तीन वर्षांसाठी 60 लाखांपर्यंत. त्यासाठी कायम पद हवे. आपल्या महाविद्यालयांत सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणाऱ्या पीएच.डी.धारकाला ते दार बंदच आहे. एमडीच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. पण बहुधा पदरच्या पैशाने आणि ड्यूटी सांभाळून करायचा म्हणून तो ओपीडीत येईल त्या रुग्णांवरच लिहितो. ओपीडीपर्यंत जो पोहोचत नाही, तो त्याच्या प्रबंधात कधीच येत नाही.

या दोन टोकांच्या मधली जागा रिकामी आहे. तिथे हवे ते अनुदान असे: तीन ते पाच लाख रुपये, वर्ष-दीड वर्ष मुदत, साध्या दहा पानी अर्जावर तीन महिन्यांत निर्णय. अर्जदाराचे किती निबंध छापून आलेत हे विचारू नये. तो किती वेळा वस्तीवर गेला हे विचारावे. कायम पदाची अट नको, मात्र विद्यापीठातला एक ज्येष्ठ मार्गदर्शक आणि नीतिसमितीची मान्यता हवीच. निवड समितीत निदान एक माजी फाउंड्री कामगार आणि एक ऊसतोड बाई असावी, आणि त्यांना मत असावे. पहिल्या दोन जागा मी धुळीला आणि ऊसतोड महिलांना देईन. त्यानंतर कापड आणि शिवणकामातल्या, निपाणी-मुरगूडकडून रोज ये-जा करणाऱ्या मुलींच्या रक्तक्षयाला.

हा पैसा सरकारकडेच मागावा असेही नाही. 2013च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी (सीएसआर) द्यावे लागतात, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर सरकारी अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठांतल्या वैद्यकीय संशोधनाला दिलेला पैसाही त्यात धरला जातो. कागलमधल्या लहान फाउंड्र्या या अटीत येत नाहीत, मोठ्या कंपन्या येतात. शाळेला संगणक आणि गावाला शुद्ध पाण्याचे यंत्र या कंपन्या देतात, ते द्यावेच. पण आपल्याच शेडच्या हवेत काय आहे, हे कळण्यासाठी पाच तरुणांचा वर्षाचा खर्च हा त्यांच्या दृष्टीने मोठा आकडा नव्हे. पैसा विद्यापीठाकडे एकत्र जमा व्हावा. विषय ठरवण्याचा किंवा निष्कर्ष थांबवण्याचा अधिकार देणाऱ्याला नसावा. अहवाल आला की कारखाना निरीक्षक येईल, ही मालकांची भीती मी समजू शकतो. म्हणून पथदर्शी टप्प्यात कारखान्याचे नाव जाहीर न करण्याची हमी द्यायला माझी हरकत नाही. मात्र आकडे लोकांसमोर आले पाहिजेत, मराठीत आणि हिंदीतही.

मॅक, गोशिमा आणि स्मॅक या इथल्या उद्योजकांच्या तिन्ही संघटनांना माझी विनंती आहे की, पुढच्या आर्थिक वर्षाचे सीएसआरचे आराखडे मंजूर होण्याआधी आपल्या मोठ्या सभासदांची एक बैठक शिवाजी विद्यापीठात घ्यावी आणि त्या बैठकीला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यक विभागालाही बोलवावे. पाच अनुदानांपासून सुरुवात करावी.